हंसपद

मुद्रितशोधनात एक खूण असते. दोन शब्दांच्या मध्ये, ओळीच्या पायाशी काढलेलं छपराचं छोटंसं टोक. त्याला हंसपद म्हणतात, कुणी काकपदही म्हणतं. पाय हंसाचा असो की कावळ्याचा, अर्थ एकच: इथे काहीतरी राहून गेलंय. इंग्रजीत या खुणेचं नाव कॅरेट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही तोच, 'उणं आहे'.

गेली सव्वीस वर्षं मी हे टोक काढून पोट भरते आहे. मराठी मजकुरात एक शब्द गळला असेल, तर वाचताना मला जिन्याची पायरी चुकल्यासारखं होतं. शोधावं लागत नाही, पाय आपोआप अडखळतो.

चार वर्षांपूर्वी एक पुस्तिका तपासायला आली. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर तेच इंग्रजीत. इंग्रजी वाचता येतं, समजतं, म्हणून दोन्ही बाजू मीच घेतल्या. इंग्रजी पानांवर माझी हंसपदं पडली दोन. मग ती पानं दुसऱ्या शोधकाकडे गेली आणि परत आली तेव्हा त्यांवर आणखी सदतीस होती. जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यावर एकच शब्द लिहिलेला: 'द'. उरलेल्यांवर 'अ'. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

इतकं इंग्रजी वाचूनही सदतीस ठिकाणी माझा पाय अडखळला नाही, ही गोष्ट डोक्यातून जाईना. म्हणून शाळा सोडल्यावर तेहेतीस वर्षांनी मी पुन्हा 'गाळलेल्या जागा भरा' या प्रश्नाशी येऊन बसले. रोज सकाळी चहाआधी दहा जागा, पेन्सिलने.

पहिले दोन महिने मी स्वतःला फसवलं. माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये प्रत्येक जागेखाली चार पर्याय होते. त्यातला बरा दिसेल तो दाबायचा, हिरवी खूण उगवते, आपण खूश. दहापैकी नऊ यायचे. मग एक दिवस तोच उतारा मी कागदावर, पर्यायांविना उतरवला, तर दहापैकी चार आले. चार शब्द समोर मांडल्यावर खरा ओळखणं आणि रिकाम्या रेघेकडे बघून तो स्वतः काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत. बाजारात भाजी ओळखता येते म्हणून ती शेतात उगवता येत नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: पर्यायांवर कागदाची पट्टी ठेवायची, आधी आपला शब्द लिहायचा आणि मगच पट्टी काढायची.

चुकांची वही केली. पंधरवड्यात तिच्याकडे बघून हसू आलं, कारण त्या चुका इंग्रजीच्या नव्हत्याच, त्या अस्सल मराठी होत्या. ती त्याच्या'शी' लग्न करते, म्हणून मी 'मॅरीड'पुढे 'विथ' लिहिलं. उत्तर 'टू'. तो गणिता'त' हुशार, म्हणून 'गुड इन'. उत्तर 'गुड ॲट'. खोली'त' शिरायचं म्हणून 'एंटर'नंतर 'इन', तर तिथे काहीच नको होतं. कुत्र्या'ला' घाबरायचं तर 'ऑफ', माणसा'ला' हसायचं तर 'ॲट'. आमचा एक 'ला' तिकडे चार घरी नांदायला गेलेला. प्रत्येक चुकीच्या शब्दामागून एक मराठी प्रत्यय डोकावत होता. शाळेत विभक्तीचा तक्ता घोकताना जेवढा कळला नव्हता, तेवढा तो आता कळला.

सगळ्यात जास्त छळलं ते 'पासून'ने. आपण 'सकाळपासून' म्हणतो आणि 'तीन तासांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स', लांबी असेल तर 'फॉर'. नियम मला पाठ होता, तरी हात 'सिन्स'कडेच जायचा. शेवटी मराठी बाजूनेच उपाय सापडला. 'तीन तासांपासून'ऐवजी मनात 'तीन तास' एवढंच म्हणायचं: 'तीन तास थांबलेय'. 'पासून' गळून पडला की 'फॉर' येतो. तो गळतच नसेल, तर 'सिन्स'. 'सकाळ थांबलेय' असं कुणी म्हणत नाही. ही युक्ती कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, पण मला ती अजून दगा देत नाही.

या दरम्यान गाळलेल्या जागांचा इतिहासही थोडा वाचला. शाळामास्तरांनी मुलांना पकडण्यासाठी काढलेली ही क्लृप्ती असावी, असं मला वाटत होतं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शाळकरी मुलांना अक्षरं गाळलेले उतारे भरायला दिले होते, म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. पण १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने याच क्लृप्तीचा उपयोग उलट्या बाजूने केला. उताऱ्यातला ठरावीक अंतरावरचा, समजा दर पाचवा, शब्द काढायचा आणि लोकांना भरायला सांगायचं. बहुतेकांना मूळचा शब्द सुचला तर उतारा सोपा, नाही सुचला तर अवघड. म्हणजे परीक्षा वाचणाऱ्याची नव्हतीच, लिहिणाऱ्याची होती! अर्धवट वर्तुळ बघितलं की मन ते पुरं करतं, असं मानसशास्त्रातली एक शाखा सांगते. त्या 'क्लोझर'वरून त्याने या पद्धतीला 'क्लोझ' नाव दिलं. परकी भाषा किती येते हे मोजायला ती नंतर वापरात आली.

हे वाचून मला केवढा धीर आला! कारण वाईट सराव फार असतात. 'ही वॉज लुकिंग' आणि पुढे रेघ आणि मग 'द विंडो'. यात 'ॲट' बसतो, 'थ्रू' बसतो, दोन शब्द चालत असतील तर 'आउट ऑफ'ही बसतो. ॲपला एकच मान्य, बाकीच्यांवर लाल फुली. आजूबाजूची दोन वाक्यं दिली असती, तर तो खिडकीकडे बघतोय की खिडकीतून, हे कळलं असतं. सुटं वाक्य तोडून त्यात भोक पाडणाऱ्याला लिहिणारा म्हणायचं तरी कसं? तेव्हापासून मी सुट्या वाक्यांचे सराव सोडले. पूर्ण उतारा असेल तरच पेन्सिल हातात घेते. उताऱ्यात रिकाम्या जागेचं उत्तर पुष्कळदा जागेजवळ नसतंच. तिसऱ्या ओळीतल्या 'इट'चं मूळ पहिल्या ओळीत असतं, आणि पुढच्या वाक्याने पलटी खाल्ली की मागच्या जागेत 'ऑल्दो' हवा होता हे उमगतं.

आणखी एक प्रकार मला फार आवडला, सी-टेस्ट. १९८१ साली दोन संशोधकांनी काढला. यात अख्खा शब्द गाळत नाहीत. दुसऱ्या वाक्यापासून प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध कापतात. उंदराने कुरतडलेल्या हस्तलिखितासारखं पान दिसतं. माझ्या पेशाच्या माणसाला याहून गोड खाऊ नाही.

पण सदतीस हंसपदांचं काय?

त्याचं उत्तर भाच्यामुळे मिळालं. तो दूर राहतो, आणि मी त्याला इंग्रजीत लिहायचं असं आमचं ठरलेलं. एकदा मी लिहिलं, 'आय हॅव लिटल टाइम टुमॉरो.' उद्या थोडा वेळ आहे, फोन कर, असा माझा मतलब. मी दिवसभर फोन उशाशी घेऊन बसले. फोन आला नाही. परवा विचारलं तर म्हणतो, "मावशी, तूच तर लिहिलंस की तुला वेळ नाही!"

'अ लिटल टाइम' म्हणजे थोडा वेळ आहे. 'लिटल टाइम' म्हणजे वेळ जवळपास नाहीच. मधे फक्त एक 'अ', त्याच्यावरून आमचा फोन हुकला.

चिडून मी वहीत ते दोन्ही मराठीत लिहायला बसले. 'थोडा वेळ आहे.' आणि दुसरं? आधी लिहिलं, 'थोडाच वेळ आहे'. मग खोडून लिहिलं, 'वेळ थोडा आहे.' आणि पेन्सिल तशीच राहिली. शब्द तेच तीन, फक्त जागा बदलल्या आणि 'अ' गायब झाला! म्हणजे 'अ' आपल्याकडे नाही असं नाही. तो शब्द म्हणून नाही, क्रमात आहे.

मग सुटलेच मी. 'खोलीत माणूस आहे' म्हणजे कुणीतरी आहे, घाबरा. 'माणूस खोलीत आहे' म्हणजे आपण ज्याला शोधत होतो तो, सापडला. पहिल्यात 'अ मॅन', दुसऱ्यात 'द मॅन'. 'मी डॉक्टर शोधतेय' म्हणजे कुठलाही चालेल. 'मी डॉक्टरांना शोधतेय' म्हणजे ठरलेले, आत्ता इथेच होते, कुठे गेले? इथे 'द'चं काम 'ना' करतोय. ही वाक्यं मी सव्वीस वर्षं दुरुस्त करत आले. लेखकाने 'माणूस खोलीत आहे' लिहिलं आणि माणूस आधी कुठे आलेलाच नसला, की मी शब्द उलटेपालटे करायचे. का, ते सांगता आलं नसतं. कानाला बोचायचं, एवढंच.

आता इंग्रजी वाक्य लिहिताना शंका आली, की ते आधी मराठीत म्हणते आणि नाम कुठे जाऊन बसतंय ते बघते. दर वेळी जमत नाही. 'इन हॉस्पिटल' आणि 'इन द हॉस्पिटल' यांत ब्रिटिश लोक रुग्ण कोण आणि भेटायला आलेला कोण हे ओळखतात, तर अमेरिकन दोन्हीकडे 'द' लावतात. तिथे माझा मराठी क्रम काय करणार? ते घोकायचंच. पण निम्म्याअधिक जागी उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. सरावात माझे 'द' आता बरोबर यायला लागले होते, आणि स्वतः लिहिताना मात्र तसेच गळत होते. का? कारण सरावात रेघ असते. रेघ सांगते, बाई, इथे काहीतरी हवंय. आपलं काम फक्त काय हवंय ते ठरवणं. लिहिताना, बोलताना रेघ कोण मारून ठेवतं? त्या पुस्तिकेतही रेघा नव्हत्या. मला शब्द येत नव्हता असं नाही, भोकच दिसत नव्हतं.

म्हणून आता माझा सराव मीच तयार करते. एखादा नीट लिहिलेला इंग्रजी उतारा घ्यायचा, दीडशे-दोनशे शब्दांचा. त्यातले सगळे 'अ', 'ॲन', 'द' काढून टाकायचे आणि रेघ न मारता शब्द एकमेकांना चिकटवून घ्यायचे. किती काढले तो आकडा मागे लिहायचा. 'द' हा इंग्रजीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द असल्याने आकडा चांगला भरतो. तीन दिवस तो कागद दडवून ठेवायचा, म्हणजे मूळ उतारा डोळ्यांतून जातो. मग लाल पेन घेऊन, कामावर बसल्यासारखं बसायचं आणि हंसपदं काढायची. सुरुवातीला वीसपैकी सात सापडायची. 'ॲन अवर' आणि 'अ युनिव्हर्सिटी' यांत तर माझ्या डोळ्यांनीच घात केला. मी अक्षर बघत होते आणि इंग्रजी उच्चार ऐकतं. आता मोठ्याने वाचते.

भाच्याला हा उद्योग सांगितला तर तो म्हणाला, "मावशी, तू यंत्रासारखी शिकतेयस." त्याचं काम संगणकाचं. २०१८ साली गूगलने बर्ट नावाचं एक भाषेचं प्रारूप आणलं. त्याला ढीगभर मजकूर दिला, त्यातले साधारण १५ टक्के शब्द झाकले आणि आजूबाजूचे, मागचे-पुढचे शब्द बघून ते ओळखायला शिकवलं. ते तयार करणाऱ्यांनी आपल्या लेखात टेलरच्या १९५३ च्या क्लोझचा उल्लेखही केला आहे. "म्हणजे गाळलेल्या जागा भर भर भरून ते भाषा शिकलं," तो म्हणाला.

"त्याला रेघ मारून देत होते का?" मी विचारलं.

तो जरा थांबला. "देत होते. झाकलेल्या शब्दाच्या जागी खूण असायची."

"मग माझं अवघड आहे," मी म्हटलं. मला उगाच बरं वाटलं.

कालचा कागद समोर आहे. एकोणीस काढले होते, सोळा सापडले. दोन मी 'अ' लिहिले तिथे 'द' होते, ते मान्य. एक साफ निसटला. आणि एका जागी मी 'द'चं हंसपद काढलंय जिथे मूळ उताऱ्यात काहीच नाही. ते वाक्य मी सकाळपासून चार वेळा वाचलं, मोठ्याने वाचलं, मराठीत म्हणून बघितलं. मला अजूनही वाटतं, तिथे 'द' हवा होता. लेखकाचाच राहून गेलाय.