लॉनला खत: वर्षभराचे हप्ते मी कसे ठरवले

लॉन पुण्यातलं, 500 चौरस फुटांचं, म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. गवत बर्म्युडा, आपली हरळीच. खताचं गणित मांडायला मोजमाप आणि गवताची जात आधी माहीत हवी. कोरियन गवत असेल तर खाली दिलेल्या नत्राच्या (नायट्रोजनच्या) निम्म्यानेही भागतं. जास्त दिलं तर ते फुगतं आणि मुळाशी वाळल्या काड्यांचा थर साचतो.

पहिलं काम माती परीक्षणाचं. लॉनमध्ये सात-आठ ठिकाणी गवताची वरची चटई बाजूला करून चार इंच खोलीपर्यंतची माती घेतली, एकत्र केली, सावलीत वाळवली आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत दिली. आधीचं खत घालून महिना-दीड महिना तरी उलटलेला असावा. बंगल्यांभोवती बहुतेक वेळा बांधकामाच्या राडारोड्यावर लाल माती पसरलेली असते. सिमेंट-चुन्यामुळे तिचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 8 च्या वर गेलेला सापडतो, आणि कोणतं खत निवडायचं ते बरंचसं इथेच ठरतं.

लॉनला सर्वात जास्त लागतं ते नत्र. एका हप्त्याला चौरस मीटरमागे 3 ग्रॅम नत्र पुरतं. माझ्या लॉनला होतात 140 ग्रॅम. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 300 ग्रॅम युरिया. अमोनियम सल्फेटमध्ये साडेवीस टक्के, म्हणजे 680 ग्रॅम. सामू चढा असल्याने मी अमोनियम सल्फेट निवडलं. त्यातून गंधक मिळतं आणि ते जमीन हळूहळू आम्लतेकडे नेतं. नर्सरीत सर्रास 19:19:19 हातात देतात, म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी 19 टक्के असलेलं मिश्र खत. तेवढंच नत्र त्यातून द्यायचं तर 735 ग्रॅम लागेल, आणि प्रत्येक हप्त्याला तितकंच स्फुरद आणि पालाशही पडत राहील. मातीत स्फुरद आधीच पुरेसं असेल तर ते साचतं, आणि जास्त स्फुरदाने लोह घेणं अडतं. स्फुरद कमी निघालं तरच मेअखेर एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट, वर्षातून एकदाच. काळ्या मातीत पालाश बहुधा भरपूर असतं, आणून पसरलेल्या लाल मातीत मात्र अहवाल पाहूनच ठरवावं.

आता वेळ. गवत 25 ते 35 अंशांत जोमाने वाढतं, आणि वाढत असतं तेव्हाच खत घेतं. पहिला हप्ता जूनअखेर, दोन-तीन चांगले पाऊस होऊन वापसा आल्यावर (जमीन ओली पण चिखल नाही अशी झाल्यावर), उघडीप पाहून. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर थांबायचं. मुसळधार सरीत खत गटारात जातं, उरलेलं मुळांच्या खाली झिरपतं. दुसरा हप्ता ऑगस्टच्या सुरुवातीला, 2 ग्रॅमच्या हिशोबाने. संततधारेत जास्त नत्राने पात मऊ होते आणि बुरशी धरते. तिसरा सप्टेंबरअखेर, पूर्ण 3 ग्रॅम. नोव्हेंबर ते जानेवारी काही नाही, त्या थंडीत गवत फिकं पडणारच. चौथा हप्ता मार्चच्या सुरुवातीला 3 ग्रॅमचा, पण पुढे उन्हाळाभर पाणी पुरणार असेल तरच. वर्षाचं सगळं मिळून नत्र जेमतेम अर्धा किलो होतं, म्हणून खताची अख्खी गोणी आणायचं कारणच नाही.

घालण्याची पद्धत चुकली की पट्टे उठतात. दोन दिवस आधी गवत कापून घ्यायचं. जमीन ओलसर पण पात पूर्ण कोरडी हवी. दवावर पडलेला दाणा पातीला चिकटतो आणि जाळतो. खत तिप्पट-चौपट कोरड्या वाळूत मिसळून दोन वाटे करायचे, एक उभा फेकायचा आणि दुसरा आडवा. मग लगेच पाणी, सुमारे 230 लिटर, म्हणजे 5 मिलिमीटर पावसाइतकं. चुनखडीच्या जमिनीवर खत उन्हात तसंच राहिलं तर अमोनिया वायू होऊन उडतो, नत्र हवेत जातं. कुठे ढीग सांडला तर आधी झाडून उचलायचा, मग त्या जागी भरपूर पाणी सोडायचं.

ताजं शेण लॉनवर कधीच नको. त्यातून तणाचं बी येतं, शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे अशा जागी अंडी घालतात. पूर्ण कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट पाव इंचाच्या आतल्या थराने जूनमध्ये जरूर घालावं.

पिवळेपणा दिसला की लोक नत्र ओततात. तो कुठे आहे ते आधी पाहावं. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी. जुलैत पाणी साचून आलेला पिवळेपणा यांपैकी कशाचाच नाही, तिथे काट्याने भोकं पाडून निचरा करावा लागतो. लोहासाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी फवारायचं. शेजारच्या फरशीवर थेंब पडले तर लगेच धुऊन टाकायचे, गंजाचे डाग नंतर सहज निघत नाहीत.