पासवर्ड जरा मोठ्याने बोला

आमचं भाड्याच्या घराचं ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं आणि एजंटचा नेहमीसारखा रात्री साडेदहाला मेसेज, ताई उद्या आधार-पॅनच्या झेरॉक्स लागतील. घरी प्रिंटर नाही (वनआरकेत प्रिंटर ठेवायचा कुठे, फ्रिजवर?) म्हणून सकाळी दादरला उतरून स्टेशनबाहेरच्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेले. काचेवर एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर चिकटवलेला, त्यावर फाइल पाठवायची, तो कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून प्रिंट मारतो. आपण सगळे हेच करतो.

माझ्या पुढे एक काका होते, त्यांच्या आधारचं पीडीएफ उघडेना.

"काका, पासवर्ड?"

"कसला पासवर्ड?"

"नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. जरा मोठ्याने बोला."

बाहेर टॅक्स्यांचे हॉर्न, मग काका ओरडूनच बोलले आणि रांगेतल्या आम्हा सहा-सात जणांना काकांचं नाव, वय सगळं कळलं. कुलूप आहे हो, पण किल्ली तिथेच पायपुसण्याखाली, कारण नाव तर पाठवणाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच दिसतं.

माझा नंबर आला तेव्हा त्याने डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं आणि माझी फाइल शोधत खाली खाली जात राहिला. कोणाची सॅलरी स्लिप, कोणाचा कॅन्सल्ड चेक, कोणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, आणि आधार तर इतकी की मोजवेनात. व्हॉट्सअ‍ॅप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं गं, पाठवणारा आणि घेणारा सोडून मधे कोणी वाचू शकत नाही, काळजी नको, असं मीच आईला कितीदा सांगितलंय, पण त्यातला दुसरा एंड म्हणजे हा पीसी, ज्याच्यावर दुपारी त्याचा भाचा गेम खेळत बसतो. माणूस चोर आहे असं अजिबात म्हणत नाहीये मी. पण उद्या तो पीसी भंगारात गेला तर?

मी माझ्या बाजूने 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं, पण त्याने चॅटमधला मेसेज जातो, डाउनलोड झालेली फाइल तिथेच राहते. म्हटलं, दादा ती पण उडवा ना, आणि रिसायकल बिन पण. "अहो ताई, कोण बघतंय?" पण उडवली बिचाऱ्याने. मागून कोणीतरी च्यक् केलं.

गंमत म्हणजे प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं ते आधारवरून सुरू झालेल्या केसमध्येच, पुट्टस्वामी नावाच्या निवृत्त न्यायमूर्तींनी केलेली. आणि मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) बंगळुरू ऑफिसने पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा, तर दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणे. अर्थ तर सरळ होता की.

तर मी घरी येऊन मास्क्ड आधार डाउनलोड केलं. यूआयडीएआयच्या साइटवर आधार डाउनलोड करताना तसा पर्याय असतो, मग १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले आणि शेवटचे ४ फक्त दिसतात, आणि ते सरकारनेच दिलेलं, व्हॅलिड आहे. शिवाय संचार साथी या सरकारी साइटवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघितलं, माझी दोनच निघाली, हुश्श. तुम्ही बघा एकदा, आईबाबांचंही बघा. आणि त्याच जोशात आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं, म्हणजे आपला अंगठा कोणी कुठे वापरायला गेलं तर चालणारच नाही.

शनिवारी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, अ‍ॅग्रीमेंटच्या ऑनलाइन रजिस्ट्रेशनसाठी. घरमालकांचा अंगठा लगेच लागला. माझा लागेना. त्याने मशीन पुसलं, मग मला हात धुवून यायला सांगितलं, मग म्हणाला ताई भांडी घासून रेषा गेल्यात बहुतेक. तीन वेळा हात धुतल्यावर मला आठवलं.

"थांबा हं, एक ओटीपी येईल," म्हटलं.

"सांगा ना ताई, मी टाकतो," तो म्हणाला.