‘आधी बाळ स्टेबल होऊ द्या’

धुळे जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे, आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या विशेष कक्षात, म्हणजे एसएनसीयूत. कमी वजनाचं बाळ आलं की आमच्याकडे ठरलेलं असायचं: बाळ वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या मशीनखाली, आणि आई वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या पीएनसी वॉर्डात. कांगारू मदर केअर (केएमसी), म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणं, आम्ही देत होतो, पण बाळ स्टेबल झाल्यावर, म्हणजे त्याची तब्येत स्थिरावल्यावर. तेही दिवसाकाठी तास-दीड तास.

एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं, की आता जन्मल्याबरोबर बाळाला आईच्या छातीशी द्यायचं. परत येऊन आमच्या डॉक्टर सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘सिस्टर, ऐकीव गोष्टीवर मी बाळ वॉर्मरवरून काढणार नाही. पेपर दाखवा.’’ त्यांचं बरोबरच होतं.

मोबाईलवर शोधलं तर कांगारू केअरच्या फायद्यांचा नुसता ढीग. माझा प्रश्नच मोघम होता. मग तो वहीत नीट लिहून काढला: दोन किलोच्या आतलं बाळ स्टेबल व्हायची वाट न बघता छातीशी धरलं, तर वाट बघण्यापेक्षा कमी बाळं दगावतात का? एवढं नेमकं लिहिल्यावर हवा तो पेपर लगेच सापडला. २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला, जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास. भारतासह पाच देश, ३,२११ बाळं, वजन १ ते १.७९९ किलो. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडलेले. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के बाळं गेली, लगेच छातीशी धरलेल्यांत १२ टक्के. मी वहीत हिशेब मांडला: साधारण २७ बाळांमागे एक जीव जास्त वाचतो. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास वेळेआधीच थांबवला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारसही बदलली: शक्य तितक्या लवकर सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास द्या.

इथंच थांबले असते तर चुकले असते. सरांनी विचारलं, ‘‘यात कोणती बाळं घेतली नव्हती?’’ पुन्हा वाचलं. जन्मानंतर तासाभरात स्वतःहून श्वास घेऊ न शकणारी बाळं त्यात नव्हती. आणि मग तासांच्या आकड्यावर नजर गेली. लगेच सुरू केलेल्या गटात बाळ दिवसाला सुमारे १६.९ तास छातीशी होतं, दुसऱ्या गटात दीड तास. दीड तास! म्हणजे आमचा वॉर्ड त्या दुसऱ्या गटासारखा चालला होता. त्या रात्रपाळीत मला नीट जेवण गेलं नाही.

शिवाय तिथं आईची खाट बाळाच्याच कक्षात होती. आमच्याकडे एक टेकून बसायची खुर्ची. सर म्हणाले, ‘‘खुर्चीवर सुरू करू. तासातासाला टेंपरेचर आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, मला दिसलं पाहिजे.’’

पहिलं बाळ १,४६० ग्रॅमचं. आईचं सीझर झालेलं, ती उठू शकत नव्हती. पण अभ्यासात आईऐवजी घरातल्या दुसऱ्या बाईनं बाळ धरलेलंही चालत होतं. आजी साक्रीकडच्या. त्या घाबरल्या. ‘‘इतलासा जीव शे माय, काचनी पेटीमाच ऱ्हाऊ द्या.’’ मी सांगितलं, आजी, मशीन तुमच्याजवळच ठेवते, मीही इथंच बसते. त्यांनी गळ्यातली पोत काढून पदराच्या गाठीत बांधली. टोपी-मोजे घातलेलं बाळ मी त्यांच्या छातीवर बेडकासारखं पोटावर ठेवलं, मान एका कुशीला, आणि वरून सुती कापड घट्ट गुंडाळलं. बाहेर पौषातली थंडी. सुरुवातीला बाळाचं टेंपरेचर ३६.१ अंश सेल्सिअस होतं, तासाभरानं ३६.७. आजींनी तोवर हातही हलवला नव्हता. मग हळूच म्हणाल्या, ‘‘आते गरम लागस.’’

एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. माझा भरवसा त्या ३,२११ बाळांवर आहे.

दुसऱ्या दिवशी आईला व्हीलचेअरवरून खाली आणलं. त्या दिवशी आई आणि आजी मिळून ११ तास झाले. रात्री मात्र खुर्चीवर कुणालाच झोपता येईना, म्हणून बाळ परत वॉर्मरवर ठेवावं लागलं. आता आमच्या रजिस्टरमध्ये मी ‘केएमसी: हो/नाही’ खोडून ‘किती तास’ असा रकाना आखलाय. त्या आकड्यांसकट कक्षात दोन खाटा मागणारा अर्ज सरांच्या सहीनं वर गेलाय.