टोकनची पावती आणि २२ सप्टेंबर

सांगलीत जुन्या गाड्यांचा धंदा करतो. वडिलांनी दुचाकींपासून सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ मिळून चारचाकी बघतो. ४ सप्टेंबर २०२५, गुरुवार. त्या दिवसाबद्दल भावाशी आजही वाद होतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

३ तारखेला रात्री उशिरा दिल्लीत जीएसटी कौन्सिलची ५६वी बैठक संपली आणि बातमी आली. छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेस (वरचा जादा उपकर) होता तो सरळ १८ टक्के, मोठ्या गाड्यांवर सेस काढून ४० टक्के, लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून. पंतप्रधानांनी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून दिवाळीची भेट म्हणून सूतोवाच केलंच होतं, त्यामुळे ऑगस्टचा उत्तरार्ध आमच्याकडे नुसता चौकशीवरच गेला. पण तोवर नेमका दर नक्की नव्हता, सेसचं काय होणार ते नक्की नव्हतं, तारीख तर कोणालाच माहीत नव्हती. त्या रात्री तिन्ही एकदम ठरलं. यार्डात उभी असलेली प्रत्येक दोन-तीन वर्षांची छोटी गाडी रातोरात स्वस्त झाली आणि ती विकत घेताना मोजलेले पैसे मात्र तेवढेच राहिले.

बाहेरच्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही. जुन्या गाडीला स्वतःची अशी किंमत नसते. ती नव्या गाडीच्या किमतीला टांगलेली असते. गाडी जितकी नवी, तितकी दोरी आखूड. दहा वर्षांच्या गाडीचं गिऱ्हाईक अडीच लाखांच्या बजेटचं असतं, शोरूमच्या भावाशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. पण २०२३ची गाडी घ्यायला आलेला माणूस खिशात नव्या गाडीचं कोटेशन घेऊनच येतो.

सकाळी शटर उघडताच पहिला आला तो वॅगन-आरचा मुलगा. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला, वर्षभरापूर्वी लग्न झालेलं. त्याने आमच्याकडच्या एका जुन्या वॅगन-आरसाठी ११,००० टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिलं होतं. मोबाईल पुढे धरून म्हणाला, "दादा, नव्या गाडीत एकाहत्तर हजार कमी होतायत. माझं टोकन परत द्याल का?" त्याने शोरूमच्या आदल्या भावातून, ६,४५,००० मधून, थेट ११ टक्के वजा केले होते. त्या दिवशी सगळा महाराष्ट्र हेच गणित करत होता आणि ते चूक आहे. कर मूळ किमतीवर असतो. मूळ किंमत ५ लाख धरली तर २८ टक्के आणि १ टक्का सेस मिळून ६,४५,००० होतात, आणि १८ टक्क्यांनी ५,९०,०००. उतार ५५,०००चा, म्हणजे साडेआठ टक्के. मी कागदावर मांडून दाखवलं. त्यावर हेही सांगितलं, की हा शोरूमचा भाव झाला. वन टाइम टॅक्स, म्हणजे नोंदणीच्या वेळी आरटीओत एकदाच भरायचा कर, किमतीच्या टक्केवारीवर असतो, त्यामुळे किंमत उतरली की आरटीओचा आकडाही उतरतो, आणि जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो. तुझ्या पगाराला हप्ता बघून नवी घे.

टोकन परत दिलं. आमच्या धंद्यात टोकन परत देत नाहीत, पावतीवर छापलेलंच असतं. पण माझ्या गाडीचा भाव तोवर ५,४५,००० होता आणि त्या भावात ती घ्यायला मी माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही सांगितलं नसतं. कंपन्यांचे नवे भाव तेव्हा यायचे होते. पुढे ते आले तेव्हा काही एंट्री मॉडेल्सवर कंपन्यांनी करापेक्षाही जास्त किंमत उतरवली, म्हणजे माझं साडेआठ टक्क्यांचं गणितही तिथे कमीच पडलं.

तो गेला आणि साडेदहाच्या सुमाराला काका आले.

काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. २०२२ची स्विफ्ट, पेट्रोल, सिंगल हँड म्हणजे एकाच मालकाने वापरलेली, एम.एच. १० म्हणजे सांगली पासिंग. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती मी घ्यायचा सौदा झाला होता: ५,६०,०००, मी त्यांना दिलेलं टोकन २५,०००. मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटला पैसे लावायचे होते. फक्त एक विनंती केली होती त्यांनी: "गौरी-गणपतीला गाडी दारात असू दे. गौरी गेल्या की आणून देतो." मी हो म्हणालो होतो.

ही गाडी घेताना मी किती वेळ तिच्याखाली आणि आत घालवला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर सांगलीत डोळे झाकून गाडी घेणारा डीलर टिकलेला नाही. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचे. गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, कारण तिथपर्यंत कोणी हात घालत नाही. मग सीटच्या रेल्सचे बोल्ट, गंज आहे का. डिकीत स्टेपनीखालचा खळगा. हेडलाइटच्या आत वाफ. कार्पेट उचलून खालच्या फोमचा वास. काकांची गाडी २०२२ची, तिच्या वाट्याला मोठा पूर आलाच नव्हता, तरी हे करायचंच. सवय मोडली की एक दिवस फसायला होतं. त्यानंतर पत्रा: पेंट मीटर बॉनेटपासून छतापर्यंत, दाराच्या रबराखालचे कंपनीचे स्पॉट वेल्ड, बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, प्रत्येक काचेवरचा वर्षाचा कोड जुळतो का. टायरवरचे चार आकडे वाचायचे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. काकांच्या गाडीला पुढचे दोन टायर सोडले तर हात लावायचं काही नव्हतं. सर्व्हिस रेकॉर्ड सलग, क्लेम एकही नाही, चलन शून्य, कर्ज फिटून आरसीवरचा एचपी, म्हणजे बँकेचा बोजाही, उतरवलेला. अशा गाड्या वर्षातून मोजक्याच हाताला लागतात.

काका काकूंना घेऊन आले होते. गाडी धुतलेली, डॅशबोर्डवरचा गणपती काढून काकूंनी पदराआड धरलेला. काकांनी आरसी, इन्शुरन्स, दोन्ही किल्ल्या, सह्या करून आणलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म टेबलवर ठेवले आणि म्हणाले, "काल रात्री बातमी बघितली. मुलाचा फोन आला, तो म्हणतो डीलर आता भाव पाडणार. आम्ही फ्लॅटवाल्याला पुढच्या आठवड्याचा शब्द दिलाय. काय ते आत्ताच सांगा."

भावाने मला आत बोलावलं. त्याचं म्हणणं साधं होतं आणि त्यात खोट काढता येत नाही. आज बाजारात ही गाडी ५,२०,०००ची. ॲपवाल्या कंपन्यांनी रात्रीतच आपापले खरेदीचे कोट खाली आणलेत, आपण एकटे का मरायचं? टोकन २५,०००, सोडून दिलं तरी ४०,०००च्या फरकापेक्षा ते स्वस्त. नाहीतर सरळ म्हण, ५,३०,००० घ्या किंवा गाडी पार्क अँड सेलला लावा, विकली की कमिशन कापून पैसे देतो.

मी बाहेर आलो आणि ५,३५,०००चा आरटीजीएस केला. टोकन धरून ५,६०,००० पूर्ण. मला त्यात फार विचार करावा लागला असं नाही. गाडी त्यांनी परस्पर थांबवली नव्हती, मी हो म्हटलं म्हणून थांबवली होती. त्या महिनाभरात भाव चढला असता तर काकांनी जास्त मागितले असते का? मला वाटतं, नसते मागितले. भाऊ म्हणतो, मागितले असते, सगळे मागतात. इथपासून आमचा वाद सुरू होतो.

पण मला त्याहून जास्त जे खटकतं ते वहीतलं आहे.

आमच्या धंद्यावरचा जीएसटी गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतो, फरकावर असतो. विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत, त्यावर. २०१८पासून छोट्या गाड्यांना तो १२ टक्के होता आणि मोठ्यांना १८. डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरच्या बैठकीत सगळ्यांना सरसकट १८ केला आणि जानेवारी २०२५मध्ये अधिसूचना आली. तेव्हा लोकांमध्ये एवढा गोंधळ माजला होता, की घरची गाडी शेजाऱ्याला विकली तरी १८ टक्के भरावे लागतील असं समजून माणसं मला फोन करत होती. खासगी माणसाला तो लागत नाही, नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला लागतो. हे एक वाक्य नीट सांगायला कोणी पुढे आलं नाही. आम्ही डीलर लोक गल्लोगल्ली समजावत बसलो.

आता त्या नियमातली दोन कलमं बघा. फरक काढताना गाडीवर केलेला खर्च वजा होत नाही. टायर, क्लच, डेंटिंग-पेंटिंग, रबिंग-पॉलिश, सगळं आमच्या खिशातून. आणि फरक उणे आला तर तो दुर्लक्षित करायचा. दुर्लक्षित म्हणजे कर शून्य, एवढंच. तो तोटा दुसऱ्या गाडीच्या नफ्यातून वळता होत नाही. प्रत्येक गाडीचा हिशेब वेगळा.

काकांची स्विफ्ट दिवाळीनंतर ५,३५,०००ला गेली. २५,००० तिथे गेले, टायर आणि पॉलिशला १४,०००, आणि पैसे अडकले त्यावरचं व्याज साधारण १३,०००. एकूण ५२,०००चा खड्डा. त्याच आठवड्यात २०१५ची एक आय-टेन विकली. २,३५,०००ला घेतलेली, २,८०,०००ला दिली. फरक ४५,०००, कर त्यातच धरलेला असतो, म्हणून जीएसटी ६,८६४. क्लच आणि पेंटिंगला १९,००० गेलेले. हातात राहिले १९,१३६. दोन गाड्या मिळून मी जवळपास ३३,०००ने खाली आहे, आणि त्या दोन गाड्यांवर मी सरकारला ६,८६४ रुपये कर भरला आहे. जुन्या १२ टक्क्यांनी तो ४,८२१ झाला असता. नव्या गाडीचा कर उतरला, आमचा १८ तसाच राहिला, त्याबद्दल कौन्सिलच्या त्या रात्रीच्या घोषणेत एक अक्षर नव्हतं.

कर कमी झाला याचं मला दुःख नाही. त्या लॅबवाल्या मुलाने नवी वॅगन-आर घेतली, पेढे घेऊन आला, मला खरंच आनंद झाला. पण दर बदलायचा तर ज्यांच्याकडे आधीच्या दराने घेतलेला माल पडलाय त्यांचं काय, हा प्रश्न विचारायची पद्धतच आपल्याकडे नाही. नव्या गाड्यांच्या डीलरांचा सेसचा क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या सेसची वजावट, अडकला तेव्हा त्यांची संघटना उभी राहिली, पेपरात आलं. आमच्या मालावर तर क्रेडिटच नसतो, त्यामुळे अडकलेलं काही दाखवताही येत नाही. तोटा असतो, पण त्याला कागद नसतो.

गिऱ्हाइकांबद्दलही बोलतो. ४ तारखेपासून येणारा प्रत्येक जण नव्या गाडीची पूर्ण घट माझ्या जुन्या गाडीतून मागत होता. साठ हजार तिकडे कमी झाले, मग इकडेही साठ हजार कमी करा. दोन महिने आधी, १ जुलैला, महाराष्ट्रात सीएनजी गाड्यांचा वन टाइम टॅक्स एक टक्क्याने वाढला होता. नवी सीएनजी महाग झाली म्हणून जुनीला पाच हजार जास्त देतो असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही.

सीएला विचारलं, काही मार्ग? तो म्हणाला, दुरुस्तीचा खर्च फरकातून वजा होऊ देणं किंवा महिन्याच्या सगळ्या गाड्यांचा फरक एकत्र धरणं, दोन्हींसाठी नियमच बदलावा लागेल. मला यातलं दुसरं जास्त न्याय्य वाटतं. खर्चाची बिलं खोटी करता येतात, पण खरेदी-विक्रीचे आकडे बँकेतून जातात. दोन लाख आणि वर रोख घेताच येत नाही, मग लपवायचं काय?

तोवर आम्हाला आमच्या पातळीवर काहीतरी करायला हवं. टोकनची पावतीपुस्तकं संपत आलीत, नवी छापायची आहेत. भावाने त्यात एक ओळ घालायला सांगितलीय: सौदा ठरल्यावर कराच्या दरात बदल झाल्यास ठरलेली किंमत बदलण्याचा अधिकार डीलरकडे राहील. मी ती खोडून दुसरी लिहिली: दर बदलून बाजारभाव उतरला तर फरकाचा निम्मा भार विकणाऱ्याने घ्यावा, आणि भाव चढला तर निम्मा फायदा डीलरने त्याला द्यावा. भाऊ म्हणतो, अशा पावतीवर कोणी सही करणार नाही, आणि केली तरी चढलेला भाव नेमका किती ते ठरवणार कोण? दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. प्रेसवाला मजकूर मागतोय.