पक्षातच अपील करायचे तर : एका नगरसेविकेचा अनुभव

आपल्या समितीचा निर्णय अन्यायाचा वाटला तर वरच्या समितीकडे अपील करण्याचा हक्क आमच्या डाव्या पक्षाच्या घटनेने प्रत्येक सदस्याला दिलेला आहे, आणि गेल्या वर्षी मी तो वापरला. या सगळ्या व्यवहारात माझा कागद ज्या एका पायरीवर अडला, तिच्याविषयीचा राग अजून पुरता गेलेला नाही. म्हणूनच हे लिहिते आहे. पक्षाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण मी आजही त्याची सदस्य आहे, आणि लाल बावट्याच्या इतर पक्षांतल्या मैत्रिणी सांगतात ते यापेक्षा फारसे वेगळे नसते.

आमची नगरपरिषद यंत्रमागाच्या गावातली. डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत मी महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवरून निवडून आले. मुदत संपल्यावर ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात राहिल्याने प्रशासकाचे राज्य लांबत गेले, आणि ६ मे २०२५ च्या न्यायालयाच्या आदेशानंतर कुठे निवडणुकांची चक्रे फिरू लागली. ऑक्टोबरमधल्या सोडतीत आमच्या प्रभागातील 'अ' जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाली आणि 'ब' जागा सर्वसाधारण राहिली. सर्वसाधारण जागेवर स्त्रीने उभे राहू नये असे कोणताही कायदा म्हणत नाही. तरीही आमच्या उमेदवार निवड उपसमितीने माझ्या नावावर चर्चाच केली नाही, कारण 'अ' जागेवर एक महिला जात आहे, मग दुसरी कशाला, असे तिथे एकमताने ठरले होते. त्या उपसमितीत स्त्री एकही नव्हती. प्रभागात कांड्या भरणाऱ्या बायकांची सभा असली की सतरंज्या आम्हीच घालायच्या आणि सर्वसाधारण जागेची चर्चा निघाली की दाराबाहेर बसायचे, ही वाटणी मला मान्य नव्हती.

मला स्वतःला उमेदवारी हवी होती हे मी कधी लपवले नाही. पण अपिलात मी मागितले ते वेगळे होते: सर्वसाधारण जागांसाठी स्त्रियांची नावे विचारात घ्यावीत, आणि नाव नाकारले तर त्याचे कारण लेखी द्यावे. उमेदवारीचा निर्णय तोंडी सांगायचा, त्याचे इतिवृत्तही नीट ठेवायचे नाही, आणि नंतर कोणी विचारले तर 'सामूहिक निर्णय' म्हणून हात झटकायचे, ही सवय भांडवलदारी पक्षांत असेल तर समजू शकते. लोकशाही केंद्रवादाचे, म्हणजे आत मोकळी चर्चा आणि निर्णय झाल्यावर तो सर्वांनी पाळायचा या तत्त्वाचे, पाठ शिबिरांतून देणाऱ्या पक्षात ती का असावी? आमच्या शाखेने माझ्या बाजूने ठराव केला, त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. हा टप्पा एका संध्याकाळी, चहा निवायच्या आत उरकला.

पुढचे सांगायचे तर अपील जिल्हा समितीमार्फत राज्य समितीकडे जायचे होते, आणि उपसमितीचे अध्यक्ष जिल्हा सचिवच होते. ज्यांच्या निर्णयाविरुद्ध तक्रार, त्यांच्याच टेबलावरून ती पुढे जायची आणि जाताना त्यावर त्यांनीच अभिप्राय लिहायचा. अर्ज मी स्वतः जिल्हा कार्यालयात नेऊन दिला. टपाल सांभाळणाऱ्या कॉम्रेडनी आवक नोंदवही उघडली. त्या पानावरच्या सगळ्या नोंदी निळ्या पेनाने केलेल्या होत्या, माझी मात्र त्यांनी कानावरची पेन्सिल काढून केली आणि क्रमांकाचा रकाना कोरा ठेवला. मी विचारले तेव्हा ते अगदी निर्मळपणे म्हणाले, "कॉम्रेड, नक्की झालं की पेनाने करतो." काय नक्की व्हायचे होते, हे त्यांनाही ठाऊक नसावे. माझ्या प्रतीवर पोच म्हणून सही मिळवण्यासाठी मला तिथेच खुर्ची ओढून बसावे लागले. शेवटी तारखेसह सही मिळाली, शिक्का मात्र 'सचिवांच्या कपाटात' होता. ती सही पुढे फार उपयोगी पडली. म्हणून सांगते, पोच घेतल्याशिवाय उठू नका, मग समोरची व्यक्ती कितीही जुनी सहकारी असो.

सचिवांना फोन केला की ते आदराने बोलत. "ताई, अर्ज पोचलाय, पण समितीच्या बैठकीत ठेवल्याशिवाय पुढे कसा पाठवणार?" बैठक कधी, तर निवडणुकीची धावपळ संपली की. उमेदवारीचे अपील निवडणूक संपल्यावर पुढे पाठवण्यात काय अर्थ, हे मी विचारले तेव्हा त्यांनी घटनेतले कलम वाचून दाखवले: वरिष्ठ समितीशी पत्रव्यवहार जिल्ह्यामार्फत करावा. ते कलम खरेच होते. पण तो नियम नेहमीच्या पत्रव्यवहारासाठी होता, अपिलासाठी वेगळे कलम होते आणि त्यात 'मार्फत' असा उल्लेखच नव्हता. हे मी पुस्तिकेतून दाखवल्यावर ते म्हणाले की प्रथा तशी आहे. प्रथेपुढे घटनेचे काही चालत नाही, हा अनुभव नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांकडून मी घेतला होता. पक्षाच्या कार्यालयात तो येईल असे वाटले नव्हते.

नामनिर्देशनाची शेवटची तारीख १७ नोव्हेंबर होती, आणि ज्याच्याकडे पक्षाचा एबी फॉर्म तोच पक्षाचा उमेदवार, हे ज्यांनी निवडणूक लढवली आहे त्यांना सांगायला नको. ती तारीख माझ्या अर्जाला जिल्हा कार्यालयातच गाठून गेली. या काळात दुसऱ्या दोन पक्षांचे लोक घरी येऊन गेले. माझी मुदत कधीच संपलेली असल्याने पक्ष बदलणाऱ्या नगरसेवकाचे पद घालवणाऱ्या १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याची भीती नव्हती, मी गेले असते तर कोणी अडवू शकले नसते. मी गेले नाही, आणि याचा मला अभिमान आहे. एका वकील मित्राने माहिती अधिकारात इतिवृत्त मागण्याचे सुचवले. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवले होते, आणि त्यांत दोन कम्युनिस्ट पक्षही होते, हे खरे. पण पक्षांनी तो आदेश पाळलाच नाही. त्यामुळे त्या वाटेने जाण्यात वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. निवडणूक आयोगही पक्षाने तिकीट कोणाला द्यावे यात पडत नाही. जे काही मिळवायचे ते पक्षाच्या आतच मिळवावे लागते.

अखेर अपिलाची प्रत, शाखेचा ठराव आणि पोच असलेल्या पानाची झेरॉक्स मी स्पीड पोस्टने थेट राज्य कार्यालयाला पाठवली. उत्तर आले ते वाचून हसावे की रडावे कळेना: आपले अपील मिळाले, जिल्हा समितीचा अभिप्राय मागवला आहे. म्हणजे कागद फिरून पुन्हा त्याच टेबलावर. २ डिसेंबरचे मतदान झाले. त्यात मी पक्षाच्या उमेदवारासाठी घरोघर फिरले, कारण भांडण कार्यपद्धतीशी होते. २१ डिसेंबरला निकालही लागले, तरी अभिप्राय गेला नव्हता. मग महिला आघाडीच्या सहकाऱ्यांनी स्मरणपत्र लिहिले. त्यात माझ्यावरील अन्यायाची गाथा नव्हती. अभिप्राय कधीपर्यंत यावा याची तारीख ठरवा आणि तो आला नाही तर त्याच्याविना सुनावणी घ्या, एवढेच लिहिले होते. त्या एका वाक्याने काम झाले. तारीख ठरली, ती उलटली, आणि सुनावणी लागली.

सुनावणीबद्दल तक्रार नाही. तिघांच्या समितीत एक ज्येष्ठ महिला कॉम्रेड होत्या, आणि त्यांनी सचिवांना पहिलाच प्रश्न विचारला, "नाव नाकारल्याचं कारण कुठे लिहिलंय?" ते कुठेच लिहिलेले नव्हते. १९६४ साली स्थापन झालेल्या माकपच्या पॉलिट ब्युरोवर, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च नेतृत्व मंडळावर, पहिली स्त्री, वृंदा करात, २००५ साली गेली. त्याआधी १९९८ च्या अधिवेशनात स्त्रियांच्या अपुऱ्या प्रतिनिधित्वाच्या निषेधार्थ त्यांनी केंद्रीय समितीवर राहण्यास नकार दिला होता. हा दाखला मी तयार ठेवला होता, पण तो द्यावाच लागला नाही. निर्णय लेखी मिळाला. झालेली उमेदवारी बदलता येत नाही हे उघड होते. मात्र सर्वसाधारण जागांसाठी स्त्रियांची नावे विचारात घेणे बंधनकारक, नकाराचे कारण इतिवृत्तात, उपसमितीत किमान एक स्त्री, आणि अपील थेट राज्य समितीकडे पाठवून जिल्ह्याला फक्त प्रत द्यायची, असे परिपत्रक निघाले. जिल्ह्याचा अभिप्राय सात दिवसांत आला नाही तर काही म्हणणे नाही असे धरले जाईल. हे शेवटचे कलम माझ्या मसुद्यातून जसेच्या तसे घेतले आहे, हे सांगण्याचा मोह आवरत नाही.

अपील एका पानाचे ठेवा. माझा पहिला मसुदा बराच लांब होता. शाखेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी तो कापला आणि प्रत्येक मागणीसमोर घटनेचे कलम लिहायला लावले. वर्तमानपत्रांकडे किंवा फेसबुकवर जाऊ नका, कारण मग चर्चा शिस्तभंगाची होते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. मला भेटलेल्या पत्रकाराला मी चहा पाजून परत पाठवले. सुनावणीला एकटे न जाता शाखेतला कोणी सोबत येऊ शकतो का ते आधी विचारा, आम्हाला परवानगी मिळाली. आणि सुरुवातीलाच सांगायला हवे होते ते आत्ता आठवले: सदस्यत्वाच्या नूतनीकरणाची आणि नगरसेवक असतानाच्या लेव्हीची (मानधनातून पक्षाला द्यायच्या हिश्श्याची) प्रत्येक पावती जपून ठेवा. सुनावणीच्या आदल्या दिवशी जिल्हा कार्यालयाने माझी लेव्ही थकल्याचा मुद्दा काढला होता. २०१७ पासूनच्या पावत्या मी वर्षवार लावून टेबलावर ठेवल्यावर तो मुद्दा कोणी पुन्हा उच्चारला नाही.