तुम्ही विचारलंत म्हणून: काचेच्या खोलीला खर्च किती येतो?

"घराला लागून एक काचेची खोली काढायची म्हणतोय, चौरस फुटाला साधारण काय पडेल?" घरांच्या वाढीव कामांची इस्टिमेट काढणं हा माझा धंदा, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा फोटोही तयार असतो. तीन बाजूंनी काच, डोक्यावर काच, आत एक आरामखुर्ची आणि दोन कुंड्या. फोटो नेहमी सकाळचा असतो. त्या खुर्चीत भर दुपारी कोण बसतं हे त्यात दिसत नाही.

दर मी सांगू शकते. पण तो ऐकला की तुम्ही लगेच क्षेत्रफळाशी गुणणार आणि येणारा आकडा डोक्यात पक्का बसणार, म्हणून सांगायचं टाळते. एकाच मापाच्या दोन खोल्यांच्या खर्चात दुपटीचा फरक पडू शकतो. फरशी तेवढीच, भिंतींची लांबी तेवढीच. काच कुठे आहे, किती आहे, त्यातली किती उघडते आणि ती कशावर उभी आहे, यावर सगळा खेळ असतो. म्हणून मी उलट विचारते: काच कुठे नसली तरी तुमचं चालेल?

छपरापासून सुरुवात करू, कारण पैसा तिथेच सगळ्यात जास्त जातो. समजा खोली ४ मीटर बाय ३ मीटरची आहे, म्हणजे छप्पर १२ चौरस मीटर. डोक्यावरचं स्वच्छ ऊन एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट उष्णता टाकतं. साधी पारदर्शक काच त्यातली ८० टक्क्यांच्या आसपास आत येऊ देते. म्हणजे नुसत्या छपरातून साडेनऊ किलोवॅट. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. तेव्हा अशा दुपारी पावणेतीन टनांचा एसी फक्त छपराशी भांडत बसणार, भिंतींच्या काचा अजून मोजल्याच नाहीत. त्याच छपराला ऊन अडवणाऱ्या कोटिंगची, ३० टक्केच उष्णता आत सोडणारी काच लावली तर आकडा ३.६ किलोवॅटवर येतो. आणि छप्पर पक्कं करून, त्यात इन्सुलेशन घालून, फक्त २ चौरस मीटरचं तसल्याच काचेचं तावदान ठेवलं, तर त्या तावदानातून ०.६ किलोवॅट.

हे गणित कागदावर मांडून दाखवलं की निम्म्या लोकांचं छप्पर तिथल्या तिथे बदलतं. उरलेल्यांना आकाश बघायचंच असतं. बघा की, हरकत नाही. फक्त एसी, त्याचं वीजबिल आणि बाहेरून सावली देणारं काहीतरी, हे त्याच बजेटात धरा. "आतून पडदे लावू" हे उत्तर मी धरत नाही. आतल्या पडद्यानं डोळ्यांवरची तिरीप जाते, पण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. "नंतर काचेवर ऊन अडवणारी फिल्म चिकटवू" हेही जरा जपूनच. फिल्म लावलेली काच जास्त तापते, आणि अर्धी उन्हात, अर्धी सावलीत असलेली साधी काच अशा ताणानं तडकू शकते.

थंडी असेल तिथे हाच हिशोब उलट्या दिशेनं चालतो. एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असला की साडेपाच-पावणेसहा वॅट उष्णता निघून जाते. दुहेरी काचेला, म्हणजे मध्ये बंद पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचांना, हा आकडा निम्म्यावर येतो. दुहेरी काचेत आर्गॉन वायू आणि आतून लो-ई कोटिंग (उष्णता परत फिरवणारा पातळ थर) असेल तर तो सव्वाच्या आसपास उतरतो. चांगलं इन्सुलेशन केलेली भिंत मात्र ०.३ वर असते. म्हणजे उत्तमातली उत्तम दुहेरी काचही उष्णता धरून ठेवण्यात भिंतीच्या चौपट कमी पडते. भिंतीऐवजी काच घेताना आपण उजेड आणि दृश्य विकत घेतो, त्यामुळे ती किंमत जिथे खरंच बघण्यासारखं काही आहे तिथेच मोजावी. शेजारच्या घराची पाठ दिसणाऱ्या बाजूला काच घालणाऱ्यांना मी शक्य तेवढ्या सभ्यपणे विचारते, "तिकडे काय बघणार आहात?"

पक्क्या छपराचा एक तोटा आहे, आणि तो काम झाल्यावरच बऱ्याच जणांच्या लक्षात येतो. आज जी खोली बाहेरच्या भिंतीवर आहे, जिला तिथल्या खिडकीतून उजेड आणि वारा मिळतो, ती उद्या आतली खोली होते. नवी खोली झगझगीत आणि जुनी अंधारी, असा प्रकार होतो. म्हणून छपरातलं ते दोन चौरस मीटरचं तावदान खोलीच्या मधोमध न ठेवता जुन्या भिंतीच्या अंगाला ठेवावं. वरचा उजेड भिंतीवरून घरंगळत जुन्या खोलीपर्यंत जातो. शक्य असेल तर ते तावदान उघडणारं घ्यावं, गरम हवेला वरून वाट मिळते. खर्च थोडा वाढतो, पण मी सुचवलेला हा वाढीव खर्च सहसा कुणी खोडत नाही.

आता काच. कोटेशनमध्ये "टफन काच" एवढंच लिहिलेलं असतं आणि लोक समाधान मानतात. टफन काच म्हणजे सहाशे अंशांच्या वर तापवून झटकन थंड केलेली. साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत आणि फुटलीच तर बोथट दाण्यांत फुटणारी. पण डोक्यावर ती एकटी पुरत नाही. दाणे बोथट असले तरी एकमेकांना चिकटून ढेकळं खाली येतात. छपराला आतल्या बाजूची काच लॅमिनेटेडच हवी: दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा, त्यामुळे फुटली तरी तुकडे त्याला धरून वरच राहतात. इथे हात आखडता घेऊ नका. आणखी एक गोष्ट बजेटवर थेट परिणाम करते: टफन झाल्यावर काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप अर्धा इंच चुकलं तर ती काच भंगारात. म्हणून चौकटी बसल्या, त्या सरळ उभ्या आणि काटकोनात आहेत हे ओळंबा-गुण्यानं तपासलं, की मगच काचेचं माप घ्यायचं. नकाशावरून काच मागवून वेळ वाचवू म्हणणाऱ्या कंत्राटदाराला नम्रपणे नाही म्हणा.

कोटिंगचे पैसे मोजताय तर ते आलंय का हेही बघा. संध्याकाळी दुहेरी काचेसमोर लायटर पेटवून धरा आणि जरा तिरकं बघा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, काचेच्या प्रत्येक पृष्ठभागाचं एक. कोटिंग असेल तर चारांतल्या एका ज्योतीचा रंग इतरांहून वेगळा दिसतो. चारही सारख्या दिसल्या तर बिल मंजूर करण्याआधी फॅब्रिकेटरशी, म्हणजे काच-चौकट बनवून देणाऱ्याशी, बोला. रंगीत ज्योत कितव्या नंबरवर आहे तेही मोजा. बाहेरून मोजायला लागलं की ऊन अडवणारं कोटिंग दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असायला हवं. काच उलटी बसवली गेली तर ते तिसऱ्यावर जातं आणि उष्णता अडवायचं त्याचं काम अर्धवट होतं.

छपराला काचेऐवजी पॉलिकार्बोनेट चालेल का, असंही विचारतात. हलकं आणि स्वस्त आहे, चालतं. पण काही वर्षांत पिवळट पडतं आणि पावसात आतल्या माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. झोपायची किंवा कामाची खोली असेल तर नकोच.

काचेच्या वजनाचा विचार फार थोडे करतात. एक मिलिमीटर जाडीची, एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. छपराला बाहेर ६ मिलिमीटर आणि आत ४ अधिक ४ ची लॅमिनेटेड धरली तर चौरस मीटरला ३५ किलो, १२ चौरस मीटरला ४२० किलो, आणि चौकटीचं वजन वेगळं. ते पेलायला खाली तुळई हवी, तुळईखाली खांब, खांबाखाली पाया. पाया म्हटला की मालक म्हणतो, "हलकीच तर खोली आहे, वरच्यावर चालेल." विटांची भिंत थोडी खचली तर तिला बारीक चीर पडते, लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की झालं. काच तेवढा समजूतदारपणा दाखवत नाही. चौकट तिरकी झाली की दारं अडकतात, मग गळती सुरू होते, मग काच जाते. शिवाय जुनं घर खचायचं तेवढं खचून बसलेलं असतं आणि नवं अजून बसायचं असतं. म्हणून दोघांच्या मध्ये हालचालीला वाव देणारा सांधा ठेवायचा, तो सिमेंटनं गच्च भरायचा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी या सगळ्यासाठी असते. परवानगीचं म्हणाल तर काचेची असली तरी ती खोलीच. तुमच्या भागातले नियम आधी वाचा आणि परवानगी लेखी घ्या.

जमीन खोदायच्या आधी खालून काय जातं तेही बघून घ्या. मागच्या अंगाला बहुधा सांडपाण्याचा पाइप आणि त्याचं चेंबर असतं, आणि नवी खोली नेमकी त्यावर येते. ते हलवायचा खर्च कुठल्याच फोटोत दिसत नाही. जुन्या छपराचं पावसाचं पाणी आजवर ज्या मोकळ्या जागेत पडत होतं, तिथेही आता तुमचं नवं छप्पर असणार. जुन्या भिंतीतून दार मोठं करायचं असेल तर टेकू देऊन भिंत फोडणं, वर तुळई घालणं, राडारोडा उचलणं हेही आलंच. हे सगळं मिळून कित्येकदा काचेच्या खर्चाला गाठतं.

उघडणारं प्रत्येक तावदान पैसे खातं: बिजागऱ्या, रूळ, कड्या, रबराच्या पट्ट्या, जाळी. न उघडणारी काच सगळ्यात स्वस्त, सरकती त्याहून महाग आणि घडी होऊन पूर्ण बाजूला जाणारी दारं सगळ्यात महाग. ती पूर्ण घडी वर्षातून किती वेळा उघडाल याचा प्रामाणिक अंदाज करा. आमच्या व्यवहारात त्रिकोणी काचेचेही पैसे अख्ख्या चौकोनाचे लावतात, हे उतरत्या छपराची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी.

चौकटीचा सेक्शन, म्हणजे ती ज्या पट्ट्यांची बनते त्या, स्वस्त घेऊन वाचवण्यात अर्थ नाही. ३ मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन ४० अंशांच्या फरकात पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो, यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकचा आठ मिलिमीटर, आणि काच जेमतेम एक. ही ओढाताण रबराच्या पट्ट्या आणि सीलंट (फटी बुजवणारा मसाला) सोसतात, रोज. म्हणून सांध्याला पुरेशी फट आणि तिच्यात चांगलं न्यूट्रल सिलिकॉन हवं. भरताना शिरक्यासारखा आंबूस वास आला तर ते स्वस्तातलं, दुसऱ्या जातीचं आहे. दुहेरी काचेच्या कडेच्या सीलला ते बाधू शकतं.

कोटेशन तीन घ्यावीत असं सगळेच सांगतात. मी म्हणते, एकाच यादीवर तीन घ्या. परवाच एका ओळखीच्यांनी दोन कागद आणले. एकावर "काचकाम, सर्व मिळून" अशी एकच ओळ आणि खाली रक्कम. दुसरा दीड पानांचा, रक्कम बरीच जास्त. त्या दीड पानात परांची, काच चढवायची क्रेन, जुन्या भिंतीला लागून पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी (फ्लॅशिंग), गटर, छपराचा ढाळ किती अंशांचा, चौकटीच्या तळाला पाणी बाहेर जायची भोकं, असं सगळं होतं. पहिल्याला फोन करून यातली एकेक गोष्ट विचारली. प्रत्येकाला उत्तर एकच: "ते वेगळं पडेल." बेरीज केली तेव्हा तो स्वस्त राहिला नव्हता.

कोटेशनच्या रकमेवर आणखी दहा टक्के हाताशी ठेवा, घर जुनं असेल तर पंधरा. ही रक्कम फरशी आणखी चांगली घ्यायला नाही. भिंत फोडल्यावर आत जे निघेल त्यासाठी आहे. काचेच्या ऑर्डरला मोठा आगाऊ हप्ता मागतात तो मला रास्त वाटतो, कारण तुमच्या मापाची काच दुसऱ्या कुणाच्या कामाची नसते. बाकीचे हप्ते झालेल्या कामावर. शेवटचे पाच ते दहा टक्के मात्र पाण्याची परीक्षा होईपर्यंत हातात ठेवायचे आणि हे करारातच लिहायचं. नळी लावून प्रत्येक सांध्यावर खालून वर असं सावकाश पाणी मारा. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळीकडे जातो आणि गळतं कुठून ते कळत नाही.

पैसे कमी पडत असतील तर टप्प्यानं करता येईल का? येईल. पाया, तुळई, चौकट, काच आणि छपराचा ढाळ यांत टप्पे नाहीत, ते एकदाच आणि नीट. फरशी साध्या कोब्यावर वर्षभर थांबू शकते. दिवे, पंखा, बाहेरची सावली, कपाटं नंतर. फक्त वायरिंगचे पाइप, एसीच्या पाण्याची वाट आणि बाहेरच्या सावलीचे हुक आत्ताच घालून घ्या, आणि ते कुठून कुठे गेलेत याचे फोटो कोबा ओतायच्या आधी काढून ठेवा.