मामांची फवारणीची वही, भाग ३: ७५ चे ७६ कुणी केले?

रविवारी सकाळी चहा गाळत होतो, तेवढ्यात मामांचा फोन. “अरे, वहीत मी ७५ लिहिलंय. तुझ्या मोबाइलवर ७६ दिसतंय. एक मिली कुठून आलं?”

मागचे दोन भाग वाचले नसतील त्यांच्यासाठी: मामांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, तीन प्लॉट. कुठल्या दिवशी कुठल्या प्लॉटला काय मारलं, कशासाठी, २०० लिटरच्या टाकीला किती, हे सगळं ते लाल बांधणीच्या वहीत लिहितात. माल निर्यातीला द्यायचा तर औषधाचे अंश तपासले जातात, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले तेही बघतात. म्हणून ती वही घरात सातबाऱ्याच्या शेजारी असते. तीच मी सुट्टीच्या दिवशी गंगापूर रोडवरच्या खोलीत बसून स्प्रिंग बूट (जावात अ‍ॅप बनवायची चौकट), हायबरनेट ६ (जावाचे क्लास आणि डेटाबेसची टेबलं जोडणारं साधन) आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये उतरवतोय.

टेबलं मी हाताने लिहिली नव्हती. जावाचे तीन क्लास लिहिले, डीडीएल-ऑटोला (क्लास बघून टेबलं आपोआप बनवायची हायबरनेटची सेटिंग) ‘अपडेट’ दिलं, अ‍ॅप चालू केलं आणि टेबलं हजर. प्रायमरी की (नोंदीची ओळख), फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोड), सगळं जागच्या जागी. पहिल्या दिवशी भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता ते एक मिली. मी हुशारी केली होती: टाकीचा आकडा न ठेवता प्रतिलिटर मात्रा काढून ठेवायची, म्हणजे टाकी २०० ची असो की ६०० ची, हिशेब एकच. ७५ भागिले २०० म्हणजे ०.३७५. फील्डचा टाइप बिगडेसिमल, म्हणजे दशांश आकडा नेमका ठेवणारा; पैसा आणि औषध दोन्हीला हाच वापरावा म्हणून. पण कॉलमला प्रिसिजन-स्केल (एकूण आकडे किती, दशांशानंतर किती) काही दिलं नव्हतं. तसं केलं की हायबरनेट ६ पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक (३८, २) असा कॉलम बनवतो. अडतीस आकडे! बागेतल्या प्रत्येक मण्यावरचा थेंब मोजता येईल एवढी जागा, आणि दशांशानंतर मात्र दोनच घरं. पोस्टग्रेसने ०.३७५ चे ०.३८ केले. एरर नाही, वॉर्निंग नाही. नोंद करताना स्क्रीनवर ०.३७५ च दिसत होतं, कारण ते मेमरीतलं ऑब्जेक्ट होतं. दुसऱ्या दिवशी डेटाबेसमधून वाचलं तेव्हा ०.३८, आणि गुणिले २०० म्हणजे ७६. ६०० च्या ब्लोअरला २२५ ऐवजी २२८.

वाईट म्हणजे हे उलटं फिरवता येत नाही. टेबलात ०.३८ दिसलं तर मूळ आकडा ७५ होता की ७६, हे आता डेटाबेस सांगूच शकत नाही. ०.६३ म्हणजे १२५ की १२६, तेच.

मामांना म्हटलं, “तुम्ही कधी ७६ घालत नाही ना? मग सरळ सगळीकडे ७५ करून टाकतो.”

“अंदाजानेच लिहायचं तर वही कशाला ठेवू?”

बरोबर आहे त्यांचं. आणि खरी चूक स्केलची नव्हतीच. माणूस टाकीला किती ते लिहितो, तर टाकीला किती तेच साठवायचं. भागाकार दाखवताना करायचा. म्हणून क्लास बदलायला घेतला: ‘मात्रा’ जाऊन ‘टाकी मात्रा’ आणि ‘टाकी लिटर’. दोन्ही नॉट नल, म्हणजे रिकामं ठेवलेलं चालणार नाही.

इथे ‘अपडेट’ने आपला स्वभाव दाखवला. नवे नॉट नल कॉलम जोडायला गेला. टेबलात आधीच नोंदी होत्या, त्यांना द्यायला किंमत नाही, पोस्टग्रेसने नकार दिला. हायबरनेटने ती चूक लॉगमध्ये वॉर्निंग म्हणून टाकली आणि अ‍ॅप हसतमुखाने सुरू झालं. मी लॉग कशाला बघतोय? पहिली नोंद उघडली तेव्हा कळलं की कॉलमच नाही. मग नॉट नल काढून पुन्हा चालवलं. कॉलम आले, पण नवी नोंद जाईना, कारण जुना ‘मात्रा’ कॉलम तसाच बसलेला, तोही नॉट नल, आणि क्लासमध्ये त्याला कुणी वाली नाही. ‘अपडेट’ जुने कॉलम काढत नाही. नाव बदललं हे त्याला कळत नाही; त्याला फक्त आजचा क्लास आणि आजचं टेबल दिसतं, मधे काय घडलं ते नाही. जँगोवाले (पायथनमध्ये अ‍ॅप बनवणारे) मित्र इथे हसतील, त्यांची मेकमायग्रेशन्स ही कमांड निदान विचारते तरी की बाबा, नाव बदललंयस का?

तिसरा दणका उडद्याने, म्हणजे द्राक्षाचे फुगलेले डोळे खाणाऱ्या भुंगेऱ्याने दिला. गोडी छाटणी झाली, डोळे फुगायला लागले आणि मामांनी विचारलं, “यादीत उडद्या कुठंय?” फवारणीचं कारण मी ईनम, म्हणजे ठरावीक नावांची यादी, ठेवलं होतं: डाउनी, भुरी, करपा, थ्रिप्स. उडद्या वाढवला, अ‍ॅप पुन्हा चालू केलं, मामांनी सेव्ह दाबलं, आणि लाल पट्टी. हायबरनेट ६.२ पासून ईनमच्या कॉलमवर चेक कन्स्ट्रेंटही घालतो, चारच नावं चालतील असा. टेबल बनताना घातलेला तो पहारा ‘अपडेट’ने बदलला नाही. कोडमध्ये उडद्या आहे, दारावर त्याचं नाव नाही. मामा बागेत, पोंगा खाल्ला जातोय, आणि मी फोनवरून कन्स्ट्रेंट काढतोय. (त्यांनी तोवर वहीत लिहून टाकलं होतं.)

त्या रात्री ‘अपडेट’ बंद केलं. जकार्ता पर्सिस्टन्सची स्क्रिप्ट बनवायची सेटिंग लावली की हायबरनेट डेटाबेसला हात न लावता क्रिएटचं (टेबलं बनवायचं) सगळं एसक्यूएल एका फाइलीत लिहून देतो. ती फाइल नीट वाचली. आधीच वाचायला हवी होती. औषधाच्या नावापासून शेऱ्यापर्यंत सगळीकडे व्हर्चार २५५, म्हणजे फार तर २५५ अक्षरं. प्लॉटच्या फॉरेन कीवर इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी तो आपण होऊन बनवतं, पोस्टग्रेस नाही. काहीशे नोंदींना त्याने फरक पडत नाही, तरी घातला. शेरा टेक्स्ट केला, म्हणजे ती २५५ ची मर्यादा गेली. दुरुस्त फाइल फ्लायवेची (डेटाबेसमधले बदल क्रमाने चालवणारं साधन) पहिली मायग्रेशन, म्हणजे बदलांची पहिली फाइल. चालू डेटाबेसवर बेसलाइन लावली, म्हणजे तिथे पहिली वगळून दुसरीपासून सुरुवात. दुसरीत नव्या कॉलमांची मापं, तिसरीत उडद्या आणि सोबत पिठ्या ढेकूण, मामा पुढे तेच विचारणार म्हणून.

डीडीएल-ऑटो आता ‘व्हॅलिडेट’वर. कॉलम कमी असला की अ‍ॅप सुरूच होत नाही, हे मला आवडलं. चेक कन्स्ट्रेंट आणि इंडेक्स मात्र तो बघत नाही, ते माझ्या डोक्यावर. नवा क्लास लिहिला की अजूनही हायबरनेटकडून कच्चं एसक्यूएल काढून घेतो. टायपिंग वाचतं. पण फ्लायवेच्या फोल्डरमध्ये जाण्याआधी ते माझ्या नजरेखालून जातं.

चौथी मायग्रेशन अर्धी आहे. काल दिंडोरीला गेलो, ओट्यावर बसलो, मामा वहीतून आकडे वाचत गेले आणि मी भरत गेलो. जुना ‘मात्रा’ कॉलम काढायचा आणि ‘टाकी मात्रा’ला पुन्हा नॉट नल लावायचं, एवढंच राहिलंय. पण एका पानावर मोरचुदाचा निळा डाग पडलाय, आकडा लागत नाही. मामांनी पान उन्हात धरून बघितलं, चष्मा काढून बघितलं, मग मामींना हाक मारली. ती एक नोंद अजून नल आहे.